रिचार्ज झालंय, पण गेट उघडत नाही

मागच्या महिन्यात आत्याचा फोन आला, तोही भर सकाळी, आणि मागे मेट्रो स्टेशनवरचा सगळा गोंगाट. "अरे ते मेट्रोचं कार्ड तू घेऊन दिलंस ना, त्यात काल रात्री मोबाईलवरून पाचशे टाकले, बँकेतून कापल्याचा मेसेज पण आलाय, आणि इथं गेट म्हणतंय बॅलन्स नाही. माझे पैसे गेले कुठे?" मधेच कुणाला तरी "जा हो तुम्ही पुढे" म्हणाली, म्हणजे मागे रांग तुंबली असणार. मी म्हटलं बाजूच्या काउंटरवर जा, कार्ड मशिनवर ठेवायला सांग आणि बॅलन्स अपडेट करून द्या म्हण. दोन मिनिटांनी परत फोन. "झालं. पण मला सांग, पैसे मी दिले, त्यांना पोचले, मग परत कार्ड दाखवायचं कशाला?"

प्रश्न एकदम रास्त आहे, आणि गंमत म्हणजे काउंटरवरच्या पोराला पण त्याचं उत्तर देता आलं नसतं, त्याला फक्त बटण माहितीये. माझं कामच सोसायट्यांना न् ऑफिसांना कार्डाचे दरवाजे बसवायचं, त्यामुळे कार्ड म्हटलं की घरातले सगळे फोन मलाच येतात. तर म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

आधी कार्ड हातात घ्या. डेबिट कार्ड असलं तर उत्तम. त्यावर तो सोनेरी चौकोन दिसतो ना, त्याला आपण सगळे चिप म्हणतो, पण ती चिप नाहीये. ते नुसते कनेक्शनचे पत्रे आहेत, प्लगला पिना असतात तसे. खरी चिप त्याच्या पाठीमागे प्लॅस्टिकमध्ये दडलेली असते, काही मिलिमीटरचा सिलिकॉनचा तुकडा. त्या चौकोनावरच्या बारीक रेघा नीट बघितल्यात तर सहा किंवा आठ कप्पे दिसतील. एकातून वीज येते, एक अर्थिंगसारखा, एक चिपला पहिल्यापासून सुरू करायला, एक ताल धरायला, आणि एकातून बोलणं चालतं. हो, बोलणं. कारण त्या तुकड्यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे, त्यावर चालणारं छोटं सॉफ्टवेअर आहे, म्हणजे तो अख्खा कॉम्प्युटर आहे (म्हणून तर अशा कार्डाला स्मार्ट कार्ड म्हणतात), फक्त त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही आणि बॅटरी पण नाही.

बॅटरी नाही म्हणजे एरवी तो मेल्यात जमा असतो. मशिनमध्ये घातलं की मशिन त्याला वीज देतं, तो जागा होतो, आणि जागा झाल्यावर पहिलं काम काय करतो तर आपली ओळख सांगतो, मी अमुक प्रकारचं कार्ड, मला अमुक भाषेत विचारा. मग मशिन विचारतं, तो उत्तर देतो, कार्ड बाहेर काढलं की परत झोप. हे पत्रे कुठे असायचे, कुठल्या पत्र्याचं काम काय, कार्डाची लांबी ८५.६ मिलिमीटर, रुंदी ५३.९८, जाडी ०.७६, हे सगळं जगभर एकच ठरलेलं आहे, म्हणून लातूरच्या बँकेचं कार्ड लिस्बनच्या एटीएममध्ये पण बरोबर बसतं.

टॅप करायच्या कार्डात पत्र्यांच्या जोडीला प्लॅस्टिकच्या आत तांब्याच्या तारेचे वेढे असतात, बहुतेक कार्डात कडेकडेने फिरवलेले. काही कार्डं अंधारात मोबाईलच्या टॉर्चसमोर धरली तर ते वेढे दिसतात, करून बघा. (हे वेढे लक्षात ठेवा, शेवटी लागणारेत.) रीडरमध्ये, म्हणजे कार्ड वाचणाऱ्या मशिनमध्ये, पण तसेच वेढे असतात आणि त्यातून सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा मागेपुढे होणारा करंट फिरत असतो. जवळ आलेल्या कार्डाच्या वेढ्यात त्यामुळे आपोआप थोडी वीज तयार होते, तत्त्व तेच जे आपल्या गल्लीतल्या डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरचं. तेवढ्या विजेवर चिप जागी होते. आता ती उत्तर कसं देणार, तिच्याकडे स्वतःचा ट्रान्समीटर थोडाच आहे? तर पूर्वी शेजारच्या घरात मिक्सर लावला की आपल्याकडचा बल्ब जरा मंद व्हायचा, आठवतंय? बल्ब बघूनच कळायचं की पलीकडे चटणी वाटतायत. कार्ड तेच करतं, आपल्या बाजूचा लोड भराभर कमीजास्त करतं आणि रीडरला तो फरक जाणवतो, त्या फरकालाच तो शून्य आणि एक असं वाचतो. हे सगळं काही सेंटिमीटरच्या आतच जमतं, म्हणून कार्ड टेकवायला लागतं.

इथपर्यंत नुसती वायरिंग झाली. खरी गोम पुढे आहे.

परवलीचा शब्द ही गोष्ट आपल्याला माहितीये. रात्री किल्ल्याचा दरवाजा बंद, बाहेरून कुणी आलं की पहारेकरी विचारणार, परवलीचा शब्द बोल. बोलला तर आपला माणूस, नाही तर शत्रू. यात घोटाळा काय, तर शब्द मोठ्यानं बोलावा लागतो. झाडामागे लपलेल्यानं ऐकला की तो पण आपला माणूस. जुन्या एटीएम कार्डाच्या पाठीमागची काळी पट्टी म्हणजे हाच प्रकार. त्या पट्टीवर नंबर आणि थोडी माहिती लिहिलेली असते, मशिन ती वाचतं, दर वेळी तीच. म्हणून चोर एटीएमच्या तोंडाशी बारीकसा वाचक चिकटवायचे, वर कॅमेरा लावायचे पिन बघायला, आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या पट्टीवर तीच माहिती उतरवून पैसे काढायचे. पट्टीला बिचारीला कळतच नाही की आपली नक्कल झालीये, कारण तिला काहीच कळत नाही, ती नुसती चिठ्ठी आहे.

आता पहारेकरी हुशार आहे असं समजा. तो शब्द विचारत नाही, गणित घालतो. तुमचं दोघांचं आधीच ठरलंय की आकड्याची तिप्पट करायची आणि चार मिळवायचे. तो म्हणाला ६, तुम्ही म्हणालात २२. झाडामागच्यानं ऐकलं बावीस. उद्या रात्री तो ऐटीत आला, पहारेकरी म्हणाला ११, हा म्हणाला २२, झाला जेरबंद, कारण उत्तर ३७ होतं. युक्ती मोठ्यानं कधीच बोलली जात नाही, फक्त दर वेळचं नवं उत्तर बोललं जातं, आणि ते ऐकून काही उपयोग नाही. चिप हे करते. तिच्या पोटात एक गुप्त किल्ली असते जी बाहेर काढायची सोयच ठेवलेली नाही, तिला फक्त गणित घालता येतं आणि ती उत्तर देते. बँकेच्या कार्डात तर रक्कम, मशिननं दिलेला एक कसाही उचललेला आकडा आणि आजवर कितव्यांदा व्यवहार होतोय तो मोजणीचा आकडा, हे सगळं मिसळून त्या एकाच व्यवहारापुरता शिक्का तयार होतो. उद्या तोच शिक्का परत दाखवला तर बँक म्हणणार हा कालचा आहे.

अर्थात तुम्ही म्हणाल की ६ ला २२ आणि ११ ला ३७ एवढं ऐकलं की दहावीतलं पोरगं पण युक्ती ओळखेल. बरोबर. म्हणून खऱ्या कार्डातलं गणित असं असतं की लाखो उत्तरं ऐकली तरी किल्ली सापडू नये. आणि जिथे गणित कच्चं ठेवलं तिथे ते खरंच फुटलंय. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलेच्या मंडळींनी त्या वेळच्या मोबाईल सिममध्ये वापरायच्या एका गणितातली खोट दाखवली, सिमला पुष्कळ प्रश्न विचारून विचारून त्याची किल्ली बाहेर काढता येत होती, म्हणजे सिमची नक्कल. २००८ मध्ये नेदरलँडमधल्या नाइमेखन विद्यापीठातल्या लोकांनी मायफेअर क्लासिक नावाच्या कार्डाचं गणित उघडं पाडलं, आणि हे कार्ड तेव्हा जगभर बस, मेट्रो, ऑफिसच्या दारांना लागलेलं होतं. किल्ली फक्त ४८ बिटांची, म्हणजे ४८ शून्य-एकांची, फारच आखूड, आणि सगळा भरवसा गणित गुप्त ठेवण्यावर, की कुणाला कळणारच नाही आम्ही काय करतो ते. कळलं. आमच्या धंद्यात अजूनही ही कार्डं सर्रास विकली जातात हे वेगळं सांगायला नको.

इतिहास फार उगाळत नाही पण एक-दोन गोष्टी मजेशीर आहेत. कार्डात चिप घालायची कल्पना जर्मनीत १९६८ मध्ये ग्र्योटरुप आणि डेटलोफ या दोघांनी पेटंटसाठी दिली होती, आणि यातले ग्र्योटरुप म्हणजे दुसऱ्या महायुद्धात व्ही-२ रॉकेटवर काम केलेले इंजिनिअर, रॉकेटवरून थेट पाकिटात आले. जगात नाव मात्र जास्त झालं ते फ्रान्सच्या रोलाँ मोरेनोचं, त्यानं १९७४ मध्ये पेटंट घेतलं, आणि त्याच्या डोक्यात आधी कार्ड नव्हतंच, अंगठी होती. बोटातली अंगठी दाखवून पैसे द्यायचे. फ्रान्समध्ये १९८३ पासून पब्लिक फोनसाठी चिपची कार्डं आली, आपल्याकडे तेव्हा ट्रंक कॉल बुक करून वाट बघत बसायचे दिवस होते. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये पहिली सिम कार्डं वापरात आली. तिथून पुढे जवळपास प्रत्येकाच्या खिशात एक स्मार्ट कार्ड आलं, फक्त त्याला कुणी स्मार्ट कार्ड म्हटलं नाही.

आता पाकीट उघडा, सगळी कार्डं टेबलावर मांडा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, की बाबा रे तू चिठ्ठी आहेस का गणित सोडवणारा आहेस?

डेबिट कार्ड गणित सोडवणारं, पण गंमत अशी की त्याच कार्डावर परवलीचा शब्द पण मोठ्या अक्षरात छापलेला असतो. रिझर्व्ह बँकेनं बँकांना २०१८ च्या डिसेंबरअखेर पट्टीवाली कार्डं बदलून चिपची द्यायला लावली, तेव्हा घरोघरी नवीन कार्डाची पाकिटं आली होती, आठवत असेल. त्यानंतर मशिनमध्ये घालून वापरायला कार्ड चांगलंच मजबूत झालं. पण ऑनलाइन खरेदीला तुम्ही काय देता? सोळा आकडे, तारीख आणि मागचे तीन आकडे. चिप तेव्हा पाकिटात झोपलेली असते, तिचा काही संबंधच नाही. तिथे कार्ड परत चिठ्ठीच झालं, म्हणून तर आपल्याकडे वर ओटीपी लागतो. आणि म्हणूनच चोर आता चिपच्या नादी लागत नाहीत, थेट तुम्हाला फोन करतात आणि गोड बोलून ओटीपी मागतात. दार लोखंडी झालं की चोर घरातल्याच माणसाला दार उघडायला लावतो, तसलं आहे.

सिम कार्ड हे माझ्या मते पाकिटातलं सगळ्यात खरं स्मार्ट कार्ड, नॅनो करता करता प्लॅस्टिक जवळपास सगळं कापून टाकलं पण पत्रे तेवढे ठेवले. टॉवर एक आकडा पाठवतो, सिम आपल्या किल्लीनं त्याचं उत्तर काढून देतं, कंपनीकडे तीच किल्ली असते, तिथलं उत्तर जुळलं की रेंज. तुम्ही फोन बंद-चालू केलात की हा संवाद होतो, तुम्हाला पत्ता पण नसतो. सिम स्वॅपची फसवणूक होते त्यात पण हे गणित कुणी फोडत नाही, तुमच्या नावाची कागदपत्रं दाखवून नवीन सिम घेतात, मग जुनं आपोआप बंद पडतं आणि ओटीपी त्यांच्याकडे जायला लागतात. म्हणून मोबाईलची रेंज एकाएकी गेली आणि तासभर परत येईना तर नेटवर्कला शिव्या घालत बसू नका, दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला विचारा.

आधारचं ते चकचकीत पीव्हीसी कार्ड, ते स्मार्ट नाही. लोकांना वाटतं प्लॅस्टिकचं आहे, बँकेच्या कार्डाएवढं आहे म्हणजे आत चिप असणार. काही नाही. त्यावर क्यूआर कोड आहे आणि त्यातल्या माहितीवर डिजिटल सही आहे, म्हणजे आत कुणी नाव किंवा जन्मतारीख बदलली तर तपासणाऱ्या ॲपला लगेच कळतं. पण झेरॉक्स काढली तर? झेरॉक्सवरचा क्यूआर पण तितकाच खरा. तर हे शिक्कामोर्तब केलेलं पत्र आहे, खाडाखोड करता येत नाही पण नक्कल करता येते. वाईट नाही, पण कामं दोन वेगळी आहेत.

फास्टॅग पण तसाच, त्याच्यात चिप आणि ॲन्टेना दोन्ही आहेत पण तो काही मीटरवरून वाचला जावा म्हणून वेगळ्याच जातीचा केलाय, त्याचं काम आपला नंबर ओरडून सांगणं. पैसे तुमच्या खात्यात, टॅगमध्ये दमडी नाही. २०२२ मध्ये एक व्हिडिओ फिरत होता बघा, सिग्नलला काच पुसणारा पोरगा हातातलं घड्याळ फास्टॅगवर फिरवून पैसे चोरतो म्हणे. आमच्या ग्रुपवर तर तो चार जणांनी टाकला होता. सगळं खोटं होतं, कारण त्या टॅगमधून पैसे निघतच नाहीत, नोंदणी झालेल्या टोलनाक्याच्या किंवा पार्किंगच्या यंत्रणेनंच बँकेकडे मागायला लागतात.

आणि सोसायटीच्या गेटचं कार्ड. इथे माझ्याच पोटावर पाय येतो पण लिहितो. स्वस्तातली बरीचशी कार्डं आणि ते निळे किचेन म्हणजे शुद्ध परवलीचा शब्द, रीडरजवळ गेलं की नंबर ओरडतात, बस. चावीवाल्याकडे पण आता त्याची नक्कल करायचं यंत्र असतं. कमिटीच्या मीटिंगमध्ये मी दर वेळी सांगतो की साहेब कार्डामागे थोडे पैसे जास्त घाला, किल्लीवालं कार्ड घ्या, आणि दर वेळी उत्तर येतं की वॉचमन आहे ना. मग कार्ड लावता कशाला, पण असो.

पासपोर्टचं मात्र छान केलंय. आपल्याकडे पहिला ई-पासपोर्ट २००८ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना दिला होता, मग बरीच वर्षं ते प्रकरण अधिकारी मंडळींपुरतंच राहिलं, आणि २०२४ मध्ये सामान्यांसाठी प्रायोगिक सुरुवात झाली त्यात आपलं नागपूर होतं. छपाई नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. मुखपृष्ठावर खाली छोटी सोनेरी खूण असते ती असली की आत चिप आहे समजा. आता मला सगळेच विचारतात की मग एअरपोर्टवर कुणी बॅगेच्या बाहेरून माझा पासपोर्ट वाचला तर? तर चिप अशी नुसती बोलतच नाही. आतल्या पानावर खाली ते बाणांचे < < < असलेले दोन ओळींचे आकडे-अक्षरं असतात ना, त्यातला पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख यांतून किल्ली बनते. म्हणजे आधी पासपोर्ट उघडून ते पान यंत्रावर पालथं घालायला लागतं, तेव्हा कुठे चिप तोंड उघडते. ज्याच्या हातात उघडा पासपोर्ट आहे त्यालाच वाचता येतं, बंद पासपोर्ट मुका.

बरं, आत्याचे पाचशे.

आत्याचं मेट्रोचं कार्ड नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आहे, ४ मार्च २०१९ ला अहमदाबादला त्याची घोषणा झाली, एकच कार्ड देशभर मेट्रोला, बसला, दुकानात. मुंबईत मुंबई वन, पुण्यात एक पुणे, नावं वेगळी पण आतला प्रकार तोच. आता दुसरा प्रश्न विचारायचा, जो चिठ्ठी की गणित यापेक्षा पण रोजच्या उपयोगाचा आहे. पैसे आहेत कुठे? डेबिट कार्डात पैसे नसतात, ते बँकेत असतात, कार्ड फक्त तुमची ओळख पटवतं आणि बँक हो म्हणते. पण मेट्रोच्या गेटला बँकेला विचारायला वेळ नाही. ऑफिसच्या वेळेला अंधेरीला एका गेटमधून किती माणसं जातात बघा, एकेकाला अर्ध्या सेकंदाच्या आत सोडलं नाही तर रांग जिन्याखाली जाईल, त्यात भुयारात नेटवर्क गेलं तर बोंबच. म्हणून या कार्डाच्या चिपमध्येच एक छोटं पाकीट ठेवलंय, २००० रुपयांपर्यंतचं, आणि त्यातले पैसे खरंच चिपमध्ये असतात, म्हणजे किती शिल्लक आहे तो आकडा चिपच सांभाळते. गेट आणि कार्ड एकमेकांना गणित घालून ओळख पटवतात, आत जाताना गेट चिपमध्ये लिहून ठेवतं की या स्टेशनवर एवढ्या वाजता आला, बाहेर पडताना दुसरं गेट ते वाचतं, भाडं काढतं, आकडा कमी करतं. बँकेला हिशोब नंतर सवडीनं पोचतो.

आता तुम्ही घरी बसून मोबाईलवरून पाचशे भरले. ते गेले बँकेच्या सर्व्हरवर. कार्ड तेव्हा पर्समध्ये, झोपलेलं, त्याला कोण सांगणार? पैसे वाटेतच उभे असतात, कार्डाच्या नावावर पण कार्डाबाहेर. काउंटरवर किंवा स्टेशनवरच्या मशिनवर कार्ड ठेवलं की मशिन सर्व्हरला विचारतं, याचं काही येणं आहे का, आणि तो आकडा चिपमध्ये लिहितं. तेवढंच ते अपडेट. आत्याला मी असं सांगितलं की मनीऑर्डर पोस्टात येऊन पडलीये पण पोस्टमन अजून घरी आलेला नाही, तर तिला पटकन समजलं, कारण तिनं आयुष्यभर गावाला मनीऑर्डरी केल्यात.

यातूनच बाकीचं कळतं. असं कार्ड हरवलं तर खात्यातले पैसे वाचतात, कार्ड ब्लॉक केलं की झालं, पण चिपमधल्या छोट्या पाकिटातले सहसा गेलेच समजा, नोटा पडल्यावर जातात तसे, कारण गेट कुणाला विचारतच नाही आणि पिन पण मागत नाही. म्हणून त्यात आठवड्यापुरतंच ठेवावं असं मी सगळ्यांना सांगतो. बाहेर पडताना टॅप न करता कुणाच्या मागोमाग सटकलात तर चिपच्या लेखी तुम्ही अजून आतच आहात, दुसऱ्या दिवशी गेट आत घेत नाही ते त्यामुळे, काउंटरवर जाऊन सरळ करून घ्यावं लागतं. आणि पाकिटासकट टॅप करू नका, आत तीन कार्डं असली की तिन्ही एकदम जागी होतात, रीडर त्यांना एकेक करून वेगळं काढू शकतो खरं, पण कुठल्या कार्डातून पैसे जातील ते सांगता येत नाही, नाहीतर गेट सरळ लाल.

गर्दीत कुणी मशिन खिशाला लावून पैसे काढेल का, हे पण विचारतात सगळे. टॅपची पिनशिवायची मर्यादा २०२१ च्या जानेवारीपासून ५००० झाली तेव्हापासून तर जास्तच. होऊ शकतं का, तर तत्त्वतः हो. पण काही सेंटिमीटरवर यायला लागतं, मशिन कुठल्यातरी बँकेनं खातं तपासून दिलेलं असतं, पैसे त्याच खात्यात जातात, म्हणजे चोरानं नाव-पत्ता ठेवून चोरी करायची. त्यापेक्षा पाकीट मारणं सोपं. मला जास्त काळजी वेगळी वाटते, टॅपनं कार्डाचा नंबर आणि मुदतीची तारीख वाचता येते, आणि परदेशातल्या काही साईट ओटीपी मागत नाहीत. याला उपाय तुमच्याच हातात आहे, ऑक्टोबर २०२० पासून बँकांना ऑनलाइन, परदेशी आणि टॅप असे वेगवेगळे स्विच द्यायला लावलेत, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार बंद करून ठेवा, परदेशी जाल तेव्हा चालू करा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि चिप आहे म्हणजे सगळं अभेद्य असंही नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं २०१८ चं प्रकरण आठवतं का, ऑगस्टमध्ये दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बहुतेक २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी काढले. तिथे कुणी ग्राहकांच्या चिपचं गणित फोडलं नव्हतं. एटीएमनं विचारल्यावर हो किंवा नाही सांगणारी बँकेकडची जी यंत्रणा असते, तिच्या जागी चोरांनी आपलीच खोटी यंत्रणा उभी केली आणि ती प्रत्येकाला हो म्हणत सुटली. किल्ल्याचा पहारेकरीच बदलला तर परवलीचा शब्द काय आणि गणित काय.

आत्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. अपडेटचं तिला नीट समजलं, आता ती थेट काउंटरवरच पैसे भरते, दर सोमवारी दोनशे. तीन आठवडे सुरळीत गेले आणि परवा परत फोन, गेट अजिबातच ओळखत नाही, बॅलन्स नाही पण म्हणत नाही, जसं काही कार्ड धरलेलंच नाही. मी म्हटलं घेऊन ये. आली. कार्ड हरवू नये म्हणून तिनं शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून कोपऱ्यात पंचिंग मशिननं छान गोल भोक पाडून घेतलं होतं आणि त्यात लाल लेस ओवून गळ्यात घातलं होतं. भोक बरोबर तांब्याच्या वेढ्यांवर. पत्रे शाबूत आहेत, त्यामुळे किराणावाल्याच्या मशिनमध्ये घालून पिन दाबला की अजून चालतं, ते तिनं माझ्यासमोर चालवून पण दाखवलं. गेटसाठी नवीन कार्डाचा फॉर्म भरलाय.